मागच्या चाकावरचा पिवळा ओरखडा

१

ओरखडा बोटभर लांबीचा होता. चाकाच्या चकचकीत कडेवर तो चंद्रकोरीसारखा वळला होता, एका टोकाला खोल, दुसऱ्या टोकाला नुसता स्पर्श होऊन गेल्यासारखा. जिथे तो सगळ्यात खोल होता तिथे, उघड्या पडलेल्या पांढऱ्या धातूत, कणभर पिवळा रंग अडकला होता.

थोरलीने तो नखाने खरवडला नाही. रबराच्या प्रयोगशाळेत नोकरी केल्यापासून तिला एक सवय लागली होती: आधी बघायचं, मग पुन्हा बघायचं, हात सगळ्यात शेवटी. पोर्चच्या गार फरशीवर ती उकिडवी बसून राहिली. समोर बाबांची विजेवर चालणारी गाडी उभ्याउभ्या झोपलेल्या घोड्यासारखी शांत होती. भिंतीवरच्या चार्जरचा हिरवा दिवा श्वास घेतल्यासारखा मंद होत होता, पुन्हा उजळत होता.

"बघितलंस ना?" मागून बाबा म्हणाले. "हे तुझ्या भावाचे प्रताप."

"कशावरून?"

"मग कोण? मी? अख्खं आयुष्य गाडी चालवतोय, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तुझ्या आईला हॉर्न कुठला नि वायपर कुठला ते ठाऊक नाही. वरच्या बाईंकडे त्यांची स्वतःची खेळण्याएवढी गाडी आहे. उरला कोण?"

"विचारलंत त्याला?"

"विचारलं. हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. गाडी कुठे जाते ते दाखवणारं ॲप त्याच्याच फोनवर होतं, मी काढून टाकायला लावलं. तेव्हापासून साहेब आमच्या पंगतीला बसत नाहीत. ताट घेऊन खोलीत जातात."

थोरलीला बाबांनी बोलावून घेतलं होतं ते चाकं आणि टायर निवडायला. टायरांची नक्षी झिजून पार सपाट व्हायला आली होती, डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांच्या कडा ओरबाडल्या होत्या, आणि येत्या रविवारी आईला घेऊन बाबा समुद्राकाठी मामाकडे निघणार होते. अख्ख्या दिवसाचा रस्ता. रबरातलं तुला कळतं, ये आणि एकदाचं ठरवून टाक, असं ते फोनवर म्हणाले होते.

आल्यावर बघते तर घरात बाप-लेकाचा अबोला. टायर बदलून तो सुटणारा नव्हता.

"आणि आरसा!" बाबा पुढे म्हणाले. "मधला. जेव्हा बघावं तेव्हा कुणीतरी हलवलेला. सीट एका बटणाने माझ्या जागेवर येते, पण आरसा हातानेच लावावा लागतो. आजचाच बघ, अजून हात लावलेला नाही मी."

ते आत गेले. थोरली गाडीत बसली. सीट बाबांच्या मापाने मागे होती. तिने ती स्वतःच्या सोयीने पुढे घेतली, पाठ टेकली आणि सवयीने आरशाकडे हात नेला.

हात तसाच हवेत राहिला.

आरशात मागची काच पूर्ण दिसत होती, चारी कोपऱ्यांसकट, रेघ इकडची तिकडे नाही. धाकटा तिच्याहून वीतभर उंच. त्याने लावला असता तर तिला फक्त छत दिसलं असतं. हा आरसा कुणीतरी जणू तिच्यासाठीच लावून ठेवला होता. आणि या गाडीच्या स्टिअरिंगला तिने आजवर हातही लावलेला नव्हता.

२

जेवायला आई बाबांच्या डाव्या हाताला बसली. पूर्वी ती समोर बसायची, वाढायला सोपं पडतं म्हणून. आज तिने थोरलीचा जुना निळा स्वेटर घातला होता. बाही दुमडावी लागत नव्हती, खांदा उतरत नव्हता. बोलता बोलता तिने बाबांचा पाण्याचा पेला उचलला आणि त्यांच्या उजवीकडे ठेवला. बाबांच्या ते लक्षातही आलं नाही.

"तुझी आई व्हायोलिन शिकतेय, कळलं का?" बाबा म्हणाले. "वरच्या बाईंकडे. दुपारी मी आडवा झालो की व्हायोलिनची पेटी उचलून जाते."

"आई? तू?"

"का, मी शिकू नये?" आई म्हणाली.

"जमतंय?"

"गाणं वगैरे नाही अजून," उत्तर बाबांनीच दिलं. "पण सूर धरलाय. झोपेत ऐकू येतो मला. एकच, लांबलचक. हळूहळू चढत जातो आणि विरून जातो. इतका गोड, की जाग यायच्या ऐवजी झोप आणखी गाढ होते. परवा तर वाटलं, आपण पाण्यावर तरंगतोय."

"अजून वाढू का?" आईने विचारलं. बाबांचं ताट भरलेलं होतं.

जेवण झाल्यावर थोरली धाकट्याच्या खोलीत गेली. तो घरूनच नोकरी करायचा. कुठल्याशा कंपनीची गिऱ्हाइकं दिवसभर त्याच्या कानात तक्रारी करत असत. तिला बघून त्याने हेडफोन गळ्यात उतरवला.

"ये ताई. तू पोलिसात कधी भरती झालीस?"

"चाकं तू घासलीस?"

"घासली समज."

"समज नको. हो का नाही?"

"बाबांनी ठरवलंय ना? झालं तर मग. घरात एकाने बोलणी खाल्ली की बाकीचे सुखाने जेवतात. माझी पचनशक्ती चांगली आहे."

"आरसा तुझ्या उंचीचा नाही."

धाकट्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरासं सरकलं. "तू ना, लहानपणीपण अशीच होतीस. माझा फुगा फुटला की रडण्याआधी भोक कुठे पडलंय ते शोधायचीस."

"कुणाला पाठीशी घालतोयस?"

त्याने हेडफोन पुन्हा कानावर चढवला, आणि माईक तोंडाशी आणण्याआधी हळूच म्हणाला, "टायर निवड, बसव आणि जा. खोदत बसू नकोस, ताई. खोदलंस तर रविवारी कुणीच कुठे जाणार नाही."

दुपार घरावर पसरली. बाबांच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. थोरली दिवाणखान्यात कोचावर लवंडली. पडद्यातून गाळलेला उजेड जमिनीवर पाण्यासारखा हलत होता. धाकट्याचा आवाज दाराआडून अखंड येत होता: हो मॅडम, समजलं मॅडम, तुमची गैरसोय झाली मॅडम. त्या शब्दांच्या लयीत तिचे डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांआड ती एका लांब, ओल्या रस्त्यावरून निघाली. रस्त्याला आवाज नव्हता. चाकं होती, पण ती जमिनीला टेकत नव्हती.

मग तो सूर आला. एकच. बारीक, भरीव, कुठूनतरी खालून उगवणारा. तो चढत गेला, ताणला गेला, आणि जिथे तुटेल असं वाटलं तिथे नुसता विरला. काय गोड वाजवते आई, असं तिला झोपेत वाटलं.

जाग आली तेव्हा उजेड भिंतीवर चढला होता. धाकट्याचं मॅडम-मॅडम चालूच होतं. बाबा घोरतच होते. थोरली पोर्चमध्ये गेली. गाडी सकाळच्याच जागी उभी होती, चार्जरची वायर लावलेली, हिरवा दिवा श्वास घेत असलेला. पोर्चवर दिवसभर ऊन येत नसे. फरशी गार होती, भिंत गार होती.

आता मात्र तिने हात पुढे केला, आणि तळवा टायरवर ठेवला.

टायर कोमट होता. झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसाच्या गालासारखा.

३

रबर धावलं की तापतं. प्रत्येक फेऱ्यात ते दबतं, सुटतं, आणि त्यातली थोडी ऊर्जा आतच उरते. थोरलीचा पगार या एका गोष्टीवर चालला होता. गाडी आत्ताच कुठूनतरी आली होती, आणि धाकटा खुर्चीतून उठला नव्हता.

ती जिना चढून वर गेली. वरच्या बाई भाडेकरू होत्या. उंच, सडपातळ, बोलताना मान किंचित तिरकी धरणाऱ्या; हनुवटीखाली कायम व्हायोलिन असल्यासारख्या. आई तिथेच होती, पाणी पीत होती. कपाळावर घामाचे थेंब होते.

"झाला क्लास?" थोरलीने विचारलं.

"झाला की. बाबांची उठायची वेळ झाली, चहा टाकते," असं म्हणत आई तिच्या बाजूने निसटून जिना उतरलीसुद्धा. पेटी विसरून.

थोरलीने परवानगी विचारल्यासारखं बाईंकडे बघितलं आणि पेटी उघडली. व्हायोलिन नवं कोरं. गज उचलून तिने त्याच्या केसांवरून बोट फिरवलं. केस रेशमासारखे गुळगुळीत होते. बोटाला पांढरी पूड लागली नाही. गज तारेवर टेकवून तिने ओढला. आवाज आला नाही. दूरच्या खोलीत कुणी कूस बदलावी तशी नुसती सळसळ झाली.

"बाई, गजाला राळ लावावी लागते ना? त्याशिवाय केस तार पकडत नाहीत."

"लावावी लागते."

"म्हणजे हा गज आजवर कुणीच वाजवलेला नाही."

"तुम्हाला व्हायोलिन येतं?"

"नाही. घर्षण येतं."

बाई हसल्या. खिडकीपाशी गेल्या, पडदा उगाच सारखा केला. "तुमच्या आईचे हात पहिल्या दिवशी इतके थरथरत होते," त्या म्हणाल्या, "की मला वाटलं, हे काही होणार नाही. मी पोरांना शिकवते. पोरं चुकायला भीत नाहीत. या वयात माणूस चुकायला फार भितो. पण त्या रोज आल्या."

"काय शिकवताय तुम्ही तिला?"

"मी शब्द दिलाय. तो मोडणार नाही."

"मग बाबा रोज ऐकतात तो सूर कुठला?"

बाईंनी मान आणखी तिरकी केली. मग त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही हुशार आहात, म्हणून विचारते. सकाळी तुम्ही त्या गाडीपाशी बसलात, मी वरून बघत होते. नेमकं कुठलं चाक बघत होतात? मागचं का पुढचं?"

४

मागचं. ती मागचंच बघत बसली होती.

पुढच्या डाव्या चाकापाशी ती आता बसली तेव्हा तिला आपलीच लाज वाटली. इथले ओरखडे वेगळे होते. लांबट, एकावर एक, कडेने फिरत गेलेले. त्यात पिवळा रंग नव्हता, नुसती सिमेंटची करडी भुकटी होती. धातूही सगळीकडे चमकत नव्हता. खालचे ओरखडे काळवंडून गेले होते, त्यांच्यावरचे जरा कमी काळवंडले होते, आणि सगळ्यात वरचे ताजे होते. म्हणजे हे एकदा घडलं नव्हतं. कितीतरी महिने घडत आलं होतं.

"चल, टायरवाल्याकडे जाऊन येऊ," बाबा किल्ली फिरवत आले.

"मी चालवते."

"माझी गाडी आहे, आणि मी अजून जिवंत आहे. बस."

गाडी निघाली तेव्हा काचा खाली होत्या, आणि थोरलीला तो सूर पुन्हा ऐकू आला. बारीक, चढत जाणारा. वेग कमी असताना रस्त्यावरच्या माणसांना चाहूल लागावी म्हणून गाडीच तो काढत होती. गल्लीच्या तोंडाशी वेग वाढला आणि तो विरून गेला. बाबांना त्यात काहीच ओळखीचं वाटलं नाही. जागेपणी ऐकलेला आवाज झोपेतल्या आवाजाशी कोण जुळवतं?

जुन्या, बंद पडलेल्या जलतरण तलावावरून रस्ता जात होता. तलावाचं रिकामं पार्किंग संध्याकाळच्या उजेडात स्वप्नातल्या मैदानासारखं दिसत होतं. गाड्या नाहीत, माणसं नाहीत. फक्त आखलेल्या पांढऱ्या रेघा, आणि वळणावळणावर फुटपाथच्या पिवळ्या कडा. एका कडेचा रंग टवका उडाल्यासारखा निघाला होता. थोरली मान वळवून तिकडे बघत राहिली. त्यामुळे समोर बघायला तिला क्षणभर उशीर झाला.

"बाबा! डावीकडे!"

ब्रेक लागला नाही. गाडी डावीकडे सरकतच राहिली. एक सायकलवाली फुटपाथवर चढली, सायकल टाकून उभी राहिली आणि काहीतरी ओरडली. खिडकीतून तिचं उघडं तोंड दिसलं आणि मागे पडलं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"सायकल."

"कुठली सायकल?"

ते थट्टा करत नव्हते, की सारवासारवही करत नव्हते. त्यांनी खरोखरच विचारलं होतं.

टायरवाला दारातच उभा होता. "या साहेब, या! आज तरी लागणार का मुहूर्त? ताई, तुम्ही लेक का? बरं झालं आलात. साहेब उन्हाळ्यापासून येताहेत. चहा पितात, चाकांवरून हात फिरवतात, विचार करून सांगतो म्हणतात. तेवढ्यात लोक पोरांची लग्नं लावून मोकळे होतात."

"घाईत घेतलेली गोष्ट टिकत नाही," बाबा म्हणाले.

"टायर कुठे टिकवायचाय साहेब, तो झिजायलाच असतो."

त्याने गाडी उचलून डावीकडची दोन्ही चाकं काढली. पुढचं चाक फिरवता फिरवता तो थांबला. टायरच्या आतल्या बाजूला, जिथे उभ्या गाडीत कुणाची नजर जात नाही, तिथे अंड्याएवढा फुगा आला होता. कडेवर जोरात आदळून रबराच्या आतले दोरे तुटले होते.

टायरवाल्याची बडबड थांबली. "साहेब," तो म्हणाला, "या चाकावर ही गाडी माझ्या दुकानाबाहेर जाणार नाही. तुम्ही रविवारी हायवेला लागणार होतात ना?"

५

थोरलीने घरी फोन केला. गाडी इथेच राहील, धाकट्याला म्हणावं आईला स्कूटरवर घेऊन ये, चाकं सगळ्यांनी मिळून ठरवू.

मग ती आणि बाबा दुकानाच्या कोपऱ्यात टायरांच्या चळतीवर बसले. नव्या रबराचा वास होता. टायरवाल्याने दोन जोड समोर मांडले होते. एक सध्यासारखा वीस इंची: मोठा, पात्यापात्यांचा, दिमाखदार, आणि त्याच्याभोवती टायरची पातळशी पट्टी. दुसरा अठरा इंची: साधा, झाकण लावल्यासारखा सपाट, टायर मात्र जाड बाजूचा.

"वीस दिसायला छान आहे," थोरली म्हणाली. "पण बॅटरीमुळे गाडी जड, आणि त्या वजनाखाली पातळ रबर. कड लागली की सगळा मार रिमला. अठरामध्ये बाजू उंच आहे, धक्का टायर खातो. एका चार्जमध्ये गाडी जास्त लांब जाईल. आतून फोम लावलेला आहे, त्यामुळे रस्त्याचा आवाजही कमी येईल. फक्त वजन पेलण्याचा आकडा बरोबर हवा, तो मी तपासलाय."

"बघू. विचार करतो."

"बाबा, तुम्ही चाकांचा विचार करत नाही आहात."

ती उठली आणि काढलेली दोन चाकं त्यांच्यासमोर भिंतीला टेकवून उभी केली. "या गाडीची मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद आहेत, म्हणून त्यांची कधी अदलाबदल होत नाही. ज्या जागेवर जो ओरखडा पडला तो त्याच जागेवर राहिला. बरोबर?"

"बरोबर."

"मागचं चाक बघा. ताजे, आखूड ओरखडे, पिवळ्या रंगाचे. वळताना मागचं चाक पुढच्याच्या आतून जातं. ज्याला हे अजून अंगवळणी पडलेलं नाही, तो लवकर वळतो. पुढचं चाक सुटतं, मागचं कडेला लागतं. ही शिकाऊ माणसाची चूक आहे. धाकटा कॉलेजपासून गाडी चालवतोय. तो ही चूक करणार नाही. शिवाय मधला आरसा माझ्या उंचीला लागतो, त्याच्या नाही. आणि आज दुपारी तुम्ही झोपला होतात, तो फोनवर बोलत होता, तेव्हा गाडी बाहेर जाऊन आली. टायर कोमट होते."

"म्हणजे तो नाही."

"तो नाही."

बाबांनी मान खाली घातली. "आणि पुढचं?"

"पुढच्याचे ओरखडे जुने आहेत. मागच्यांच्या कितीतरी आधी सुरू झालेले. या माणसाला गाडी वळवता येते, उत्तम येते. तो सरळ जाताना लागतो. डाव्या कडेला. दर वेळी डाव्याच. आज सायकलवालीही डावीकडेच होती, बाबा. आई हल्ली तुमच्या डावीकडे बसते आणि पेला उजवीकडे ठेवते."

दुकानात कुठेतरी हवा भरण्याचं यंत्र सूं सूं करत थांबलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काचा स्वच्छच होत्या.

"डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलंय," ते म्हणाले. "उन्हाळ्यात. डाव्या बाजूचं हळूहळू जाणार. अंधार दिसत नाही गं, हेच तर वाईट आहे. अंधार दिसला असता तर कळलं असतं. तिथे काही नसतंच. रस्ता असतो, मग काही नाही, आणि ते काही नाही हेही जाणवत नाही. गाडी चालवू नका म्हणाला. मी घरी येऊन सांगितलं, चष्म्याचा नंबर तोच आहे."

"आणि धाकटा?"

"मागचे ओरखडे माझे नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. मागचं चाक मी जन्मात कधी घासलेलं नाही. म्हटलं, ते माझे नाहीत, तर पुढचेही नसतील. सगळे त्याचेच. इतकं सोपं वाटलं तेव्हा."

थोरली त्यांच्या शेजारी बसली. डावीकडे बसणार होती, मग उठून उजवीकडे आली, त्यांना दिसेल अशी.

"पण मग मागचं कुणाचं?" बाबांनी मध्येच मान वर केली. "शिकाऊ म्हणालीस. तुझ्या उंचीचं म्हणालीस. घरात तुझ्या उंचीचं..."

बाहेर स्कूटर थांबली. आई उतरली. अंगात तोच निळा स्वेटर होता. बाबा तिच्याकडे बघत राहिले. बघता बघता त्यांचं तोंड उघडं पडलं.

"अशक्य," ते म्हणाले.

"काय अशक्य?" आईने विचारलं. तिने भिंतीला टेकवलेली चाकं बघितली, मग लेकीचा चेहरा, मग नवऱ्याचा. पदार्थ करपला की नाही हे वासावरून कळावं तसं तिला सगळं कळलं. "सांगितलंस वाटतं?"

"मी काही नाही सांगितलं, आई. चाकांनी सांगितलं."

"अगं पण तू..." बाबांनी तिच्या हातांकडे बघितलं. "तू व्हायोलिन शिकतेस ना? मी ऐकतो ना रोज!"

"अहो, तो गाडीचा आवाज. पोर्चमधून बाहेर काढताना येतो."

"तो सूर?"

"तोच."

धाकटा हेल्मेट हातात धरून दारात उभा होता. त्याला हसू आवरत नव्हतं. "बाबा, तुम्ही परवा म्हणालात ना, आज फार आर्त वाजवत होती? तेव्हा ती रिव्हर्स घेत होती."

"तुला माहीत होतं?"

"एकदा तलावापाशी बघितलं. बाई शेजारी बसलेल्या, आणि आई बैलगाडी हाकल्यासारखी पुढे वाकलेली. म्हटलं, हे बाहेर फुटायला नको."

"आणि बोलणी खाल्लीस."

"सवय आहे."

बाबा उठले. त्याच्याजवळ गेले. त्याच्या हातातलं हेल्मेट घेतलं, उगाच उलटंसुलटं करून बघितलं, आणि परत दिलं. "आजपासून टेबलावर जेव," एवढंच म्हणाले. धाकट्याने मान हलवली आणि पटकन दुसरीकडे बघितलं.

"मला का नाही सांगितलंस?" हे आईला.

"काय सांगायचं? तुम्हाला दिसत नाही हे मला दिसतंय, असं? तुम्ही आपणहून सांगाल म्हणून वाट बघत होते. तुम्ही सांगेनात. मग म्हटलं, निदान ज्या दिवशी सांगाल त्या दिवशी गाडी पोर्चमध्ये नुसती पडून राहायला नको. लायसन्स आलंय माझं. बाईंच्या घरी ठेवलंय." ती धाकट्याकडे वळली. "धाकट्याला बोलणी बसत होती ते मात्र मी ऐकून घेतलं. ते चुकलं माझं. दर वेळी वाटायचं, आज सांगते. आणि तुमचं तोंड बघितलं की उद्यावर जायचं."

बाहेर उजेड उतरत होता, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे दिवे दुकानाच्या छतावरून हळूहळू सरकत होते. बाबा वीस इंची चाकापाशी गेले. त्याच्या पात्यांवरून त्यांनी हात फिरवला, एकेक करून, कुणाचा तरी निरोप घेतल्यासारखा.

"नक्की जमेल तुला?" त्यांनी पाठमोरंच विचारलं. "मामाकडचा रस्ता?"

"सगळा नाही. मधली चढण धाकट्याला देईन. बाकीचा जमेल. तुम्ही शेजारी बसा, पण ओरडू नका."

"मी ओरडतो?"

"आत्ताच ओरडलात."

टायरवाला हात पुसत पुढे आला. अशा वेळी काय बोलावं हे त्याला कळत नव्हतं, म्हणून त्याने तेच विचारलं जे तो उन्हाळ्यापासून विचारत आला होता. "मग साहेब? कुठली लावू?"

बाबा वळले. सगळं दिसावं म्हणून त्यांनी मान पूर्ण डावीकडे वळवली. तिथे आई उभी होती.

"अठरा इंची," ते म्हणाले. "जाड बाजूचे. गाडी ही चालवणार आहे. मी आता चालवणार नाही."